हलुका छ

नेपाळात दूधकोशी नदीवरचा तो उंच झुलता पूल मागे पडला की नामचे गावाची खडी चढण लागते आणि तासाभराने झाडीत एक फट येते. गाइड तिथे थांबला आणि काठी उचलून म्हणाला, उधर देखो. पाइनच्या दोन खोडांमधून बघितलं तर लोत्से-नुप्त्से शिखरांच्या लांबलचक भिंतीमागून एक काळसर त्रिकोण डोकावत होता. त्याच्या टोकावरून ढगाची बट उजवीकडे उडत होती. एव्हरेस्ट. मला आधीच धाप लागलेली, त्यात हे. तोंडातून आपलं नेहमीचंच निघालं, "भारी!" जरा मोठ्यानेच.

आमचा भरिया आमच्या आधीच तिथे पोचून उभा होता. आम्हा दोघी मैत्रिणींच्या बॅगा एकीवर एक बांधलेल्या, त्यांच्याखाली टेकू म्हणून ती इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी, नाम्लोचा पट्टा कपाळाला तसाच. पाठ न वाकवता, न बसता, उभ्याउभ्याच विसावा. माझा आवाज ऐकून त्याने मान वळवता येईल तेवढी वळवली. चेहऱ्यावर आधी नवल आणि मग एकदम हसू. म्हणाला, "भारी छैन, दिदी. हलुका छ."

नेपाळीत भारी म्हणजे ओझं, जड. भारी वाहतो तो भरिया. म्हणजे त्याला वाटलं, ही बाई धापा टाकत वर आली आणि आल्या आल्या तिने काय विचारलं, तर तुला जड होतंय का. तो सांगत होता, नाही हो ताई, हलकं आहे. हे सगळं माझ्या डोक्यात शिरायला पाच-सहा सेकंद गेले असतील. तेवढ्यात मी मान डोलावून मोकळी झाले होते. अच्छा, हलकं आहे ना, मग ठीक, अशी.

ते मान डोलावणं मला अजून छळतं.

म्हटलं तर यात काही नाही. भाषेची गंमत आहे, घरी परतल्यावर चहाबरोबर सांगायची. मैत्रिणीने ती तशीच सांगितलीही, दोन-तीन ठिकाणी, माझ्यासमोर, आणि लोक हसले. मीही हसले. पण तिने जे बघितलं नाही ते पुढचे पाच दिवस मी बघत होते. त्या क्षणापासून तो पोरगा माझ्याशी वेगळा वागायला लागला. खेचरांचा तांडा समोरून आला की आधी मला हाताने डोंगराच्या बाजूला सारायचा, दरीच्या बाजूला उभं राहायचं नाही म्हणून. संध्याकाळी लॉजवर माझी बॅग पहिल्यांदा खोलीत. घोटलेल्या बर्फासारख्या गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर हात पुढे. मैत्रिणीलाही करायचा, पण मला जरा जास्त. कारण त्याच्या हिशेबात, मी त्याच्या ओझ्याची चौकशी केली होती. आणि मी तर डोंगर बघत होते.

सहलीच्या कागदावर या चालीपुढे 'सोपी' असं लिहिलेलं होतं. दिवसाला चार-पाच तास चाल, मुक्काम शेर्पा गावांत, राहायला पलंग, जेवायला गरम, सोबत गाइड, सामान उचलायला माणूस. बेस कॅम्प वगैरे नाही. पन्नाशीच्या, एका गुडघ्याने कुरकुरणाऱ्या शाळामास्तरणीला झेपेल असं. आणि सोपी होतीच. आमचं कळसूबाई 1646 मीटर. लुक्लाला विमानातून उतरतानाच आपण 2860 मीटरवर असतो, म्हणजे निम्मं काम विमानानेच केलेलं. विमान काठमांडूहून नाही, हंगामात ते मंथलीहून सुटतं आणि त्यासाठी मध्यरात्री उठून गाडीत बसावं लागतं, एवढाच काय तो त्रास. लुक्लाची धावपट्टी जेमतेम 527 मीटर, तीही चढावर, शेवटी भिंत. 1964 साली हिलरीने ती बांधून घेतली तेव्हा भुसभुशीत जमीन दाबायला काही नव्हतं, म्हणून गावकऱ्यांना तिच्यावर हातात हात घालून नाचवलं, अशी गोष्ट तो स्वतःच सांगायचा. शेर्पांचा नाच पाय आपटत करायचा असतो. मी चाकं टेकताना डोळे गच्च मिटून तो नाच आठवत होते. नीट नाचले असतील ना.

लुक्लातच एका दुकानासमोर गाइडने आमच्या बॅगा स्प्रिंगच्या काट्याला लटकवल्या. दोन्ही मिळून चोवीस किलो. हे वजन तेव्हाच समोर आलं होतं, आकडा मी वाचला होता, आणि विमानात पंधरा किलोच्या वर नेऊ देत नाहीत म्हणून आपण कसं बेतात भरलं याचं कौतुकही वाटलं होतं. माझ्या बॅगेत काय होतं तेही सांगते. स्लीपिंग बॅग, कपडे, जास्तीचे दोन स्वेटर, गरम पाण्याची रबरी पिशवी, छत्री, दीड किलो शेंगदाण्याचे लाडू, भडंग, लसणाची चटणी आणि शेवटपर्यंत न उघडलेलं एक जाडजूड पुस्तक.

आता आबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे मान डोलावणं एवढं का लागलं ते कळायचं नाही.

माझे वडील माथाडी. जावळी खोऱ्यातून आलेले, मस्जिद बंदरला टोळीत लागलेले. साखरेची गोणी तेव्हा शंभर किलोची असायची. ट्रकला लावलेल्या लवचीक फळीवरून ती पाठीवर घेऊन चढायचं, फळी खाली-वर होते त्या ठेक्यात पाय टाकायचा, ठेका चुकला की माणूस गोणीसकट खाली. 1969 साली माथाडी कायदा झाला तेव्हा आबा चोवीस वर्षांचे होते. अण्णासाहेब पाटलांचं नाव आमच्या घरात देवाच्या रांगेत घेतलं जातं, आणि फोटोही तिथेच आहे. पुढे बाजार मुंबईतून वाशीला आला, आम्ही घणसोलीच्या माथाडी वसाहतीत आलो, मी शिकले, शाळेत लागले. आबांच्या मानेमागे एक गाठ आहे, सुपारीएवढी, टणक. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसले की मी ती धरायची. मला बराच काळ वाटायचं की सगळ्यांच्याच वडिलांना अशी धरायला मूठ असते.

तर फाकदिंगच्या पहिल्या मुक्कामात मी आमच्या भरियाचं कपाळ बघितलं. तो चुलीजवळ टोपी काढून बसला होता. केसांची रेघ जिथे सुरू होते त्याच्या किंचित वर, एका कानापासून दुसऱ्या कानाकडे जाणारी एक उथळ खाच. केस तिथे विरळ झालेले, कातडी चकचकीत. वय बावीस-तेवीस. मी बघितली आणि नजर चहात घातली. आमच्याकडे गावात आजी मोळी आणायची ती चुंबळ डोक्यावर ठेवून; मुंबईत आबांची पाठ; इथे कपाळ. माथाडी हा शब्द माथ्यावरून आलाय आणि आमच्या टोळ्यांपेक्षा तो यांनाच जास्त शोभतो, असलं काहीतरी शिक्षकी त्या वेळी मनात आलं. बोलले नाही कुणाशी.

आणि हा पोरगा शेर्पा नव्हता. मला आधी वाटलेलं सगळे शेर्पाच. आपल्याकडे हा शब्द कुठल्याही ओझं उचलणाऱ्याला चिकटवतात. जी-ट्वेंटीच्या वर्षी तर वर्तमानपत्रांत दिल्लीचे बडे अधिकारीही शेर्पा झाले होते. शेर्पा ही जमात. शर म्हणजे पूर्व, पा म्हणजे लोक. पाचेकशे वर्षांपूर्वी तिबेटच्या खाम भागातून डोंगर ओलांडून आलेले. आमचा गाइड शेर्पा होता. त्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तरी बिघडणार नाही म्हणा, कारण तो बुधवारी जन्मला आणि बुधवारी जन्मलेले सगळे ल्हाक्पा. सोमवारचा दावा, शुक्रवारचा पासांग, शनिवारचा पेम्बा. पुढे आडनाव शेर्पा. सातच नावांत सगळा खुंबू, म्हणजे हा एव्हरेस्टखालचा मुलूख, मग हजेरी कशी घेत असतील, हा माझा पहिला प्रश्न. गाइड म्हणाला, दुसरं नाव जोडतात, आणि तरी घोळ होतोच. भरिया मात्र राई. खाली, खोटाङकडचा. हंगामात वर यायचं, पाठ भाड्याने द्यायची, दशैं-तिहार, म्हणजे तिकडचं दसरा-दिवाळी, साधलं तर साधायचं. वाटेवर जी शेकडो माणसं पाठीवर प्लायवूड, गॅस सिलिंडर, बिअरचे खोके, नूडल्सची खोकी, पत्र्याच्या पेट्या घेऊन वर चाललेली दिसतात, त्यांत राई, तामांग, मगर असे खालच्या डोंगरांतलेच बहुतेक. शेर्पांची लॉजं, शेर्पांचे गाइड, शेर्पांची दुकानं. ओझं खालच्यांचं. हे चित्र माझ्या ओळखीचं निघालं. इतकं ओळखीचं की थोडा कंटाळाच आला, म्हटलं इथे तरी काही निराळं असायला काय हरकत होती.

वाट सुंदर होती, हे राहूनच जाईल. दूधकोशी नावाप्रमाणे दुधी-निळी, सगळा वेळ डाव्या-उजव्या कानात गाजत असते. मणी म्हणतात त्या, मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती वाटेच्या मधोमध. त्यांच्या डावीकडून जायचं, म्हणजे भिंत उजव्या हाताला राहील, प्रदक्षिणेसारखी. दगडागणिक कोरलेलं ओम मणि पद्मे हूं, काही अक्षरांना ताजा पांढरा रंग, काहींवर दगडफूल चढून ती पुसट झालेली. सकाळी प्रत्येक घरासमोर धुपीच्या ओल्या फांद्या जळत असतात, त्या धुराचा वास कापराच्या आणि ओल्या लाकडाच्या मधला कुठला तरी. पाट्या देवनागरीत असल्यामुळे मी एकही वाचल्याशिवाय सोडली नाही, आणि आपलेच शब्द दुसऱ्याच्या घरात वेगळेच कपडे घालून बसलेले बघून हसू यायचं. मोंजोच्या पुढे पार्काचं फाटक लागतं, शस्त्रधारी सैनिक, पावत्या, तपासणी, आणि वर पाटी, 'सगरमाथा राष्ट्रिय निकुञ्ज'. निकुंज! आमच्या शाळेतल्या सगळ्या कविता तिथे बंदुका घेऊन उभ्या असल्यासारखं वाटलं. चढ म्हणजे उकालो, उतार म्हणजे ओरालो. गाइडचं एक ठरलेलं वाक्य होतं, पुढचा रस्ता नेपाली फ्लॅट, म्हणजे थोडं उकालो, थोडं ओरालो. आणि सारखं बिस्तारै, बिस्तारै. आस्ते. आमच्या गुडघ्याला तो शब्द फार आवडला.

या शब्दांच्या गंमतीत असतानाच तो 'भारी' तोंडातून सुटला. त्याच दिवशी दुपारी एक दगडी कट्टा लागला. वाटेत असे कट्टे ठिकठिकाणी आहेत. मला बसायचं होतं, पण कट्टा जरा उंच. उडी मारून चढले, तेव्हा पाय लोंबकळत राहिले. लाडू काढला. पाठोपाठ दोन माल वाहणारे आले, माझ्यासमोर थांबले, काही बोलले नाहीत, नुसते उभे. मला वाटलं लाडू हवाय. डबा पुढे केला. गाइडने हळूच सांगितलं, दीदी, उतरो. तो कट्टा बसायला नव्हताच. पाठ फिरवून, गुडघे न वाकवता, पाठीवरचं ओझं अलगद त्यावर टेकवायचं, पट्टा कपाळावरून सैल करायचा आणि दोन मिनिटं नुसतं ताठ उभं राहायचं, यासाठी कंबरेच्या उंचीवर बांधलेला. मी ओझ्याच्या जागेवर बसले होते. उतरले. त्यांनी ओझी टेकवली आणि दोघांच्या तोंडून एकदमच शिट्टीसारखा लांब श्वास बाहेर पडला. मग लाडू घेतले. आमच्या भरियालाही दिला, त्याच्याच पाठीवरून आलेला.

नामचे म्हणजे डोंगरात कोरलेला वाडगा, 3440 मीटरवर. घोड्याच्या नालेसारख्या उतारावर घरांच्या ओळी, मधल्या पायऱ्यांतून खेचरांच्या घंटा. बेकरी, बँक, चष्म्याची दुकानं, सगळं आहे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथे दोन रात्री. दुसऱ्या दिवशी चक्कर मारताना माझा विरंगुळा एकच होता, भाव वाचणे. चहाचा, अंड्याचा, उकळत्या पाण्याच्या थर्मासचा. जसजसं वर जावं तसतसे भाव चढतात आणि पाहुणे कुरकुरतात, मैत्रीणही कुरकुरली. मला मात्र त्यात आबा दिसत होते. वाशीच्या बाजारात गाडी खाली करण्याच्या पैशाला वाराई म्हणतात. इथलं मेनूकार्ड म्हणजे वाराईची पावतीच की. किलोमागे, दिवसामागे, चढामागे. फरक एवढाच की पावतीवर ज्याचं नाव हवं त्याचं नसतं.

रात्री खोलीतला दिवा डोळे मिचकावत होता तेव्हा गाइड सांगू लागला. नामचेत वीज येते ती थामे गावाकडून, आणि त्याचं आजोळ थामे. तेनझिंगही तिथेच वाढला. 16 ऑगस्ट 2024 ला वरचं हिमतळं फुटलं आणि थामेच्या मधून चिखलाचा लोंढा गेला, शाळा नेली, दवाखाना नेला, घरं नेली. माणूस एकही गेला नाही. दिवस होता म्हणून, तो म्हणाला. त्याने फोनवर चित्रफीत दाखवली. राखाडी पाण्यात छपरं वाकडी होत होती आणि चित्रण करणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. मामाचं बटाट्याचं शेत आता दगडगोट्यांचं मैदान आहे. हे सगळं त्याने गाइडच्याच आवाजात सांगितलं, जसं याकबद्दल आणि पुलाबद्दल सांगायचा तसं, आणि उद्या नाश्त्याला काय, असं विचारून गेला.

खुमजुंगला पोचलो तो रविवार होता आणि शाळा भरलेली. नेपाळात तेव्हा सुटी शनिवारची होती. एका वर्गातून वाचनाचा सूर ऐकू येत होता, सगळ्या पोरांचा मिळून जो एक कंटाळलेला, लांबट सूर होतो तो, आणि मला शपथेवर सांगते, घर आठवलं. 1961 साली हिलरीने बांधून दिलेली ही शाळा. त्याने इथल्या लोकांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू, तर त्यांनी शाळा मागितली. गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, काचेच्या पेटीत यतीचं, म्हणजे दंतकथेतल्या हिममानवाचं, म्हणून ठेवलेलं डोक्याचं शंकूसारखं कातडं आहे, तांबूस केसांचं. 1960 मध्ये हिलरी ते तपासायला परदेशी घेऊन गेला, सोबत गावचा एक जाणता माणूस राखण म्हणून, आणि तज्ज्ञांनी ठरवलं की हे सेरोच्या, म्हणजे रानबकऱ्याच्या जातीच्या प्राण्याच्या कातड्याचं आहे. तरी पेटी आहे, कुलूप आहे, दर्शनाचे पैसे आहेत. बरोबरच आहे. मागे खुंबिला. इथला देव. 5761 मीटर, खुंबूत बाकी शिखरांच्या मानाने बुटकाच, पण त्याच्यावर कुणी चढत नाही. चढायला देतच नाहीत.

तिथल्या लॉजच्या म्हाताऱ्या आमाबद्दल मला गोड लिहिता आलं असतं. तिने बटाटे किसले, त्यात पीठ घातलं, तव्यावर जाड थालीपिठासारखी रिगी कुर घातली, वर नाकच्या दुधाचं लोणी आणि मिरचीचा ठेचा. याक नर, मादी नाक. याकचं लोणी म्हटलं की तिला हसू येतं. तिची दोन मुलं न्यूयॉर्कला, एक काठमांडूत, आणि सीरियलींमुळे तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं. शेकोटीच्या भांड्यात वाळलेलं शेण जळत होतं, खोलीत ऊब होती, मी रिगी कुरचा तिसरा घास घेतला होता. तेवढ्यात दार उघडलं आणि वाकलेला एक माणूस आत आला. तांदळाचं पोतं, त्यावर तेलाचे डबे, त्यावर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्यांचा डोंगर. माल नामचेहून आणलेला. आमा उठली, छताच्या हुकाला काटा टांगला आणि एकेक नग लावून मोजू लागली. बोटांवर बेरीज. चिठ्ठीवर त्र्याहत्तर किलो, काट्यावर एकाहत्तर. मग सुरू झालं. मला नेपाळी येत नाही, पण ते भांडण मला शब्दन्‌शब्द कळलं. दोन किलोची तूट धरायची कुणाच्या अंगावर. तो म्हणत होता काटा खोटा, ती म्हणत होती पोतं गळलंय, तो पोतं उलटं करून शिवण दाखवत होता. पन्नाशीचा असेल. कपाळावर पट्ट्याची लाल रेघ, घाम वाफ होऊन अंगावरून निघत होता. आमचे आबा असेच कुणाच्या तरी दारात उभे राहिले असतील आणि आत कुणीतरी माझ्यासारखं तोंडातला घास चावायचा की गिळायचा या विचारात बसलेलं असेल.

शेवटी एका किलोवर तडजोड झाली. पैसे मोजले गेले. आणि मग त्याच आमाने त्या माणसाला शेकोटीच्या अगदी लगत, आमच्यापेक्षा जवळ बसवलं, ताटभर भात वाढला, डाळ, बटाटा, पुन्हा भात, तो नको म्हणेपर्यंत. नंतर तिने मला सांगितलं, लहानपणी मी स्वतः पाठीवर धान्य वाहिलंय, लुक्लाला विमान नव्हतं तेव्हा. दोन किलो म्हणजे काय ते मला माहीत आहे. हे तिने स्वतःच्या बाजूने सांगितलं की त्याच्या, मला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

त्या रात्री मी मैत्रिणीला म्हटलं, आपण आपल्या बॅगा आपणच घ्यायला हव्या होत्या. ती झोपेत होती, पण तिने शहाण्यासारखं विचारलं, मग त्याने काय करायचं? हाच प्रश्न गाइडलाही वेगळ्या तऱ्हेने विचारून झाला होता. तो म्हणाला होता, दीदी, तुमचं चोवीस किलो मिळालं म्हणून तो पोरगा सत्तर किलोचं प्लायवूड वाहत नाहीये. तुमच्याकडे काम मिळणं म्हणजे इथे बढती. हे खरं आहे. मला पटलंही. 1953 च्या मोहिमेत साडेतीनशेहून जास्त हमालांनी काठमांडूच्या खोऱ्यातून सामान वाहून आणलं. तेनझिंग त्याच्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेवर, 1935 साली, ओझं वाहायलाच आला होता. या खोऱ्यात शाळा, वीज, न्यूयॉर्क, सगळं त्या वाटेनेच आलं. आबांच्या पाठीवरून मी शाळेत गेले, तसंच. ओझ्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला टोचत होतं ते एवढंच, की मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि ते मी ठेवून घेतलं होतं.

सांगून टाकावं असं तीनदा ठरवलं. गाइडला मध्ये घालून सांगायचं, की बाबा रे, आमच्यात भारी म्हणजे झकास. मी डोंगराला म्हटलं होतं. पण त्याने काय होणार? एका पोराच्या चेहऱ्यावरचं हसू पुसायचं आणि आपलं मन हलकं करायचं. हलुका. मग म्हटलं, आता खरंच विचारू. खुमजुंगहून निघायच्या सकाळी अंगणात तो बॅगा बांधत होता. दोरीचे दोन वेढे, एक गाठ, बॅगांच्या मधोमध पट्टा. आमच्या गावात डोक्यावर ओझं घेताना कुणी एकटं घेत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, जरा हात लावा. ओझं वाहतो एक, पण उचलून द्यायला दुसरा लागतो. मी पुढे झाले आणि बॅगेखाली हात घातला. तो तेव्हाच उठत होता. माझ्या जोरामुळे ओझं एकीकडे कललं, पट्टा भुवईवर सरकला, आणि तो बिचारा एक पाऊल वाकडा गेला. सावरला. पट्टा पुन्हा वर घेतला. हसला, आणि अंगणाच्या दगडी भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर बॅगा ठेवून, तिला पाठ लावून, पट्टा कपाळावर घेऊन नुसतं पुढे चालू लागायचं. झालं. हात लावायला दगड होता.

लुक्लाला निरोप घेताना पाकीट दिलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, त्याच खाचेला. गाइडशी काहीतरी बोलला. गाइडने मला सांगितलं, म्हणतोय, या हंगामात भारी विचारणारी दिदी एकच भेटली.

मी परत मान डोलावली. दुसऱ्यांदा.

घणसोलीत आल्यावर फोटो बघायचा कार्यक्रम झाला. आबांचं वय ऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, पण चहाचा कप अजून स्वतः उचलून मोरीत नेतात, दुसऱ्या कुणी हात लावलेला खपत नाही. मी एव्हरेस्ट दाखवला. बघितला न बघितल्यासारखा करून त्यांनी बोटाने चित्र पुढे ढकललं, मग परत मागे आणलं. कडेला, अर्धा कापला गेलेला, आमचा भरिया होता. आबांनी दोन बोटांनी त्याला मोठा केला. चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला.

"पट्टा बरोबर लावलाय पोरानं. खाली सरकला तर मान जाती." मग थोड्या वेळाने, "किती वझं हाय हे?"

"चोवीस किलो. आणि त्याचं स्वतःचं थोडं."

"तुजं काय काय हाय ह्यात?"

मी सांगायला लागले. स्लीपिंग बॅग, कपडे. लाडूंपर्यंत आले आणि पुस्तकाशी अडखळले. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. ते वेगळ्याच विचारात होते.

"मधी तुमी दोन दिस थांबला म्हनालीस. त्या दिसांची हजेरी लावली का त्याची?"

"हो आबा. सगळ्या दिवसांचे पैसे मिळतात."

"तू बगितलं देताना?"

मी काही बोलले नाही. भारीची गोष्ट त्यांना मी अजून सांगितलेली नाही. ते फोटोकडेच बघत होते.

"एकटाच दिसतोय. हात कोन लावतं ह्याला?"

"कुणी नाही. दगडी कट्टे असतात वाटेवर. त्यावर टेकवायचं आणि तिथूनच उचलायचं."

"दगुड?"

"हो."

आबांनी फोन खाली ठेवला. टेबलाचा आधार घेऊन, गुडघ्यांवर एकेक करून भार टाकत उभे राहिले. पाठ टेबलाकडे केली आणि तळहात आडवा धरून कंबरेजवळ आणला, थोडा खाली नेला, परत दोन बोटं वर घेतला.

"हितवर?"

"हो," मी म्हटलं. "बरोबर तेवढाच."